लांब पल्ल्याच्या पायी भटकंतीसाठी बूट: टिकाऊ घ्यावेत की पायाला सुखाचे?

वाटसरू_मी :
नमस्कार मंडळी. पुढील हंगामात सलग २४ दिवसांची, साधारण ४५० किलोमीटरची पायी भटकंती करण्याचे ठरवले आहे. वाट बहुतेक ठिकाणी मातीची आणि दगडगोट्यांची आहे, तीन-चार उतार घसाऱ्याचे आहेत आणि मधूनमधून ओढे ओलांडावे लागणार आहेत. पाठीवर पाण्यासह दहा-अकरा किलो ओझे असेल.

मागील वेळी आठ दिवसांच्या चालीसाठी मी घोट्याच्या वर येणारे चामड्याचे भरभक्कम बूट घेतले होते. आठ दिवसांनी बूट नव्यासारखे होते आणि पाय मात्र कामातून गेले होते. दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी होऊन पुढे गळून पडली, आणि उजव्या टाचेवरचा फोड फुटल्यामुळे चौथ्या दिवसापासून मला लंगडत चालावे लागले. त्यामुळे या वेळी हलके ट्रेल शूज घ्यावेत असे वाटते. पण जाळीच्या कापडाचा तो नाजूक जोड ४५० किलोमीटर टिकेल का, आणि ओझ्यासह चालताना घोटा मुरगळला तर काय करायचे, ही शंका पाठ सोडत नाही. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरले आहेत त्यांनी अनुभव सांगावेत. सर्वांत चांगला बूट कोणता, असे मी विचारत नाही. निवडताना नेमके काय पाहावे, एवढेच विचारतो आहे.

दोन_काठ्या :
शेवटचे वाक्य लिहिलेत म्हणून उत्तर द्यावेसे वाटले. आधी दोन गोष्टी सांगा. नखे फक्त उतारावर दुखत होती की सपाटीवरही? आणि बूट दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणते मोजे घालून पाहिले होते?

अर्धा_डोंगर :
दुरून डोंगर साजरे, असे ज्याने प्रथम म्हटले त्याला बहुधा बूट चावत असावेत. चर्चा चालू द्या, मी वाचतो आहे.

रानवाट :
मी सहा वर्षांपूर्वी चामड्याचे बूट सोडले आणि पुन्हा त्यांच्या वाटेला गेलो नाही. कारण एकच, वजन. पाठीवरचे ओझे आणि पायातले ओझे यांत मोठा फरक आहे. पाठीवरचे ओझे शरीरासोबत संथपणे पुढे सरकते. पायातले वजन मात्र प्रत्येक पावलाला उचलावे लागते, पुढे फेकावे लागते आणि पुन्हा थांबवावे लागते. ओझे डोक्यावर, हातात आणि पायांत वाहताना किती ऊर्जा खर्च होते, यावर १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायातल्या वजनाचा खर्च, शरीराच्या तेवढ्याच वजनाच्या तुलनेत, चालण्याच्या वेगानुसार चार ते सहा पट भरला होता.

तुमच्याच प्रवासाचा हिशेब मांडून पाहा. एक पाऊल ७० सेंटीमीटरचे धरले, तर ४५० किलोमीटरमध्ये सुमारे ६ लाख ४० हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायाची ३ लाख २० हजार. भक्कम बूट आणि हलका बूट यांच्यात एका पायामागे ३०० ग्रॅमचा फरक असेल, तर प्रत्येक पाय प्रवासभरात एकूण ९६ टन वजन जादा उचलणार आहे.

शिवाय हलक्या बुटांनी लांबचा पल्ला गाठता येत नाही, हा समज १९५५ सालीच खोटा ठरला. एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजींनी कापडी स्नीकर्स घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल ही डोंगरवाट एकटीने पूर्ण केली. ते अंतर तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे.

अर्धा_डोंगर :
९६ टन वाचून मी खुर्चीतच दमलो.

पाठपिशवी :
रानवाट, गेटवुड आजींचा दाखला प्रत्येक चर्चेत येतो, पण त्यातला अर्धाच भाग सांगितला जातो. त्या प्रवासात त्यांना एका जोडावर भागवता आले नाही. कापडी स्नीकर्स झिजत गेले आणि त्या नवे घेत गेल्या. धागाकर्त्यांचा प्रश्न टिकाऊपणाचाही आहे, हे विसरू नये.

माझा चामड्याचा एक जोड अकरा वर्षे चालला. दोनदा तळ बदलून घेतला, दर हंगामाआधी चामड्याला मेण लावले आणि वापरानंतर माती धुऊन सावलीत वाळवला, एवढीच त्याची देखभाल. टोकदार दगडांच्या उतारावर, बर्फ उरलेल्या वाटेवर किंवा पंधरा किलोंहून जास्त ओझे असताना त्या कडक तळाचे मोल कळते. मऊ बुटात तळवा प्रत्येक दगडाशी हुज्जत घालतो आणि संध्याकाळी थकतो. त्यामुळे नखे गेली हा चामड्याचा दोष आहे, असे मला वाटत नाही. तो मापाचा दोष आहे. चुकीच्या मापाचा हलका बूटही नखे तितक्याच निष्ठेने घालवतो.

टाका_दोरा :
बूट दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे मी बुटाकडे फाटलेल्या बाजूकडून पाहतो. त्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

बुटाचे तीन भाग वेगवेगळ्या वयात मरतात. सर्वांत आधी मरतो तो मधला थर, म्हणजे तळ आणि सुखतळा यांच्यामधला फोम. हलक्या बुटांत तो बहुधा इव्हीए नावाच्या हलक्या प्लास्टिकचा असतो. त्यात हवेच्या लाखो बारीक बंद पेशी असतात आणि दर पावलाला दाबल्या जाऊन त्या हळूहळू चपट्या होत जातात. बाहेरून बूट ठीक दिसतो, पण आतली गादी संपलेली असते. अंगठ्याने फोम दाबून पाहावा. तो दगडासारखा लागला किंवा कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटल्या असतील, तर त्या बुटाचे दिवस भरले. दुसरा मरतो तो वरचा भाग, आणि तोही जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी : करंगळीच्या बाजूला, जिथे चवडा वाकताना जाळीला घडी पडते. बाहेरचा रबरी तळ बहुतेक वेळा या दोघांना मागे टाकून जगतो, आणि गिऱ्हाईक मात्र दुकानात फक्त तोच उलटून पाहते.

भक्कम बुटांबद्दलही एक सावधगिरी सांगतो. त्यांतल्या अनेकांत मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. तो इव्हीएपेक्षा अधिक काळ उसळी धरतो, पण हवेतल्या ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि काही वर्षांनी तो भुगा होतो. कपाटात जपून ठेवलेला, नव्यासारखा दिसणारा जोड लोक मोठ्या प्रवासाला काढतात आणि दुसऱ्या दिवशी तळ सुटून हातात येतो. असे जोड माझ्याकडे दर वर्षी येतात. तेव्हा बूट न वापरल्याने टिकतो, हा समज सोडून द्यावा. धागाकर्त्यांनी आपले जुने बूट कोणाला देण्याआधी हे तपासून घ्यावे.

आणि तळ बदलता येतो का, हे घेतानाच विचारावे. शिवलेल्या किंवा त्यासाठीच बांधलेल्या चामडी बुटांचा तळ बदलता येतो. फोमवर पातळ रबर चिकटवलेल्या ट्रेल शूजच्या बाबतीत तो खटाटोप सहसा परवडत नाही आणि टिकतही नाही.

वाटसरू_मी :
दोन_काठ्या, नखे फक्त उतारावर दुखत. बूट सकाळी उठून, पातळ रोजचे मोजे घालून घेतले आणि दुकानात दहा पावले चाललो. हे लिहितानाच माझी चूक माझ्या लक्षात येऊ लागली आहे.
टाका_दोरा काका, जुने बूट आजच अंगठ्याने दाबून पाहिले. अजून जीव आहे.

पाऊलवैद्य :
मी पावलांच्या आणि घोट्यांच्या दुखण्यांवर फिजिओथेरपी करते, त्यामुळे माझ्याकडे प्रवास संपल्यावरचे पाय येतात. पाठपिशवी यांचे मापाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्यात भर घालते.

उतारावर नखे जाण्याची सर्वसाधारण कारणे दोन असतात. पुढे जागा कमी असते, किंवा जागा पुरेशी असूनही टाच आणि पायाची वरची बाजू नीट बांधलेली नसल्यामुळे पाऊल बुटात पुढे घसरते आणि अंगठा दर पावलाला टोकावर आपटतो. दुसऱ्या प्रकारात माणूस आणखी मोठा बूट घेतो आणि पाऊल आणखी घसरते. तुमच्या टाचेवर फोड आला, याचा अर्थ टाचही हलत होती, म्हणून मला तुमच्या बाबतीत दोन्ही कारणांचा संशय आहे.

माप घेताना केवळ लांबी घेऊ नये. कागदावर उभे राहून, पूर्ण वजन टाकून, दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून घ्यावी. बसून घेतलेले माप उपयोगाचे नाही, कारण वजन पडल्यावर पाऊल लांब आणि रुंद होते. दोन पावले सारखी नसतात. बूट मोठ्या पावलाच्या मापाने घ्यावेत. त्यानंतर टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजावे. बूट जिथे वाकतो ती रेषा या उंचवट्याखाली आली पाहिजे. एकाच लांबीच्या दोन पावलांत बोटे आखूड किंवा लांब असू शकतात, त्यामुळे ही रेषा वेगळी पडते. चपलांच्या दुकानांत वापरले जाणारे ब्रॅनॉक मापक १९२० च्या दशकात तयार झाले, तेव्हापासून ते लांबी, रुंदी आणि हे टाच-ते-चवडा अंतर अशी तीन मापे देते. पण आपण बहुतेक जण पहिला आकडा वाचून उठतो.

आकड्यांचाही गोंधळ असतो. युरोपीय मापातली एक पायरी ६.६७ मिलिमीटरची, तर ब्रिटिश मापातली जवळजवळ साडेआठ मिलिमीटरची असते, त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत जाताना आकडे नेमके जुळत नाहीत. बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीवर सेंटीमीटरमधला आकडा असेल तर तुलनेसाठी तो वापरावा, पण शेवटचा निकाल पायावरच सोडावा.

बूट संध्याकाळी, शक्य तर दोन-तीन तास चालून आल्यावर, प्रवासात घालणार तेच मोजे घालून पाहावेत. दिवसभराच्या चालीने पाऊल सुजते आणि अनेक दिवसांच्या प्रवासात ती सूज रात्रीतून पूर्ण उतरत नाही. सुखतळा बाहेर काढून त्यावर उभे राहावे. करंगळी किंवा चवडा कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट रुंदीला कमी आहे, मग तो कितीही मऊ वाटो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. सर्वांत लांब बोट प्रत्येक वेळी अंगठाच असते, असेही नाही.

दोन_काठ्या :
वैद्यताईंनी सांगितले त्याला एक चाचणी जोडतो. उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर, पाठीवर ओझे घेऊन, पाय जरा जोरात आपटत खाली यावे. अंगठा टोकाला लागला तर बूट परत ठेवावा. दुकानात लोक गुळगुळीत सपाट फरशीवर चालतात आणि म्हणतात की छान वाटते. सपाट फरशीवर काहीही छान वाटते.

कोरडे_मोजे :
ओढ्यांचा उल्लेख झाला आहे म्हणून माझा आवडता विषय काढतो. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका.

अशा अनेक बुटांच्या आत ताणलेल्या पीटीएफई या प्लास्टिकचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. बॉब गोअर यांना १९६९ मध्ये हे द्रव्य झटक्यात ताणण्याची युक्ती सापडली आणि त्यातून गोअर-टेक्स आले. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते, असे त्याचे तत्त्व आहे आणि ते खरे आहे. पण वाफ बाहेर जाण्यासाठी आत जास्त दमटपणा आणि बाहेर कमी, असा फरक लागतो. बाहेरचे कापड पाण्याने भरले किंवा हवाच दमट असली की वाफ आत अडकते आणि मोजे घामाने भिजतात. शिवाय बुटाला वरून एक मोठे भोक असते, ज्यातून आपण पाय घालतो. ओढ्यात पाणी घोट्याच्या वर गेले की ते तिथून आत शिरते, आणि मग तोच पडदा ते पाणी आत सांभाळून ठेवतो. माझा असा जोड दीड दिवस ओला राहिला. सोबत्याचा जाळीचा बूट ओढ्यातून बाहेर आल्यावर पाणी गाळून दोन तासांत चालण्याजोगा झाला होता.

निवांत_पाऊल :
कोरडे_मोजे यांचे सूत्र सरसकट लागू करू नये. थंडीत, दव पडलेल्या गवतातून किंवा ओल्या बर्फातून पाय भिजणे ही निव्वळ गैरसोय नसते, बोटे बधिर होतात. तिथे पाणी वरून नव्हे तर बाजूंनी येते, आणि तिथे पडदा आपले काम नीट करतो. उबदार हवा आणि खोल ओढे असतील तर जाळी. थंड हवा आणि उथळ ओलावा असेल तर पडदा. धागाकर्त्यांच्या वाटेवर हवा कशी आहे, हे त्यांनी अजून सांगितलेलेच नाही.

वाटसरू_मी :
हवा उबदार आहे आणि दोन ओढे गुडघाभर आहेत. म्हणजे जाळी.

कोरडे_मोजे :
मोज्यांवर कोणीच बोलले नाही, हा माझ्या नावाचा अपमान आहे. फोड केवळ घासण्याने येत नाही. आतले हाड पुढे-मागे सरकते, वरची त्वचा घामाने मोज्याला चिकटून जागीच राहते, आणि मधल्या थराला वारंवार पीळ बसून तो आतल्या आत सुटतो. त्या पोकळीत पाणी भरते. म्हणूनच ओलावा आणि सैलपणा एकत्र आले की फोड ठरलेला. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते टाळावेत. मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्यावेत. दोन बोटांमध्ये फोड येणाऱ्यांना प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले मोजे उपयोगी पडतात. आणि त्वचेवर गरम चटका जाणवला की लगेच, पुढच्या थांब्याची वाट न पाहता, बूट काढून त्या जागी चिकटपट्टी लावावी.

अनवाणी :
मी टाच आणि चवडा एकाच उंचीवर असलेले, म्हणजे शून्य ड्रॉपचे, रुंद पुढचा भाग असलेले बूट वापरतो. बोटे पंख्यासारखी पसरतात, पाऊल स्वतःचे काम स्वतः करू लागते. माणसाला निसर्गाने टाचेखाली गादी दिलेली नाही. एकदा हे वापरले की बाकी सारे बूट पिंजऱ्यासारखे वाटतात.

पाऊलवैद्य :
अनवाणी, बोटांना जागा हवी याबद्दल वाद नाही. पण ज्यांनी आयुष्यभर दहा-बारा मिलिमीटर ड्रॉपचे बूट वापरले त्यांनी एकदम शून्यावर येऊन ओझ्यासह २४ दिवस चालू नये. टाच खाली गेली की पोटरीला आणि घोट्यामागच्या शिरेला, म्हणजे अकिलीस कंडरेला, प्रत्येक पावलाला अधिक ताणावे लागते. स्नायू काही आठवड्यांत सावरतात, कंडरेला महिने लागतात. तुमच्यासारखे सवयीने तिथे पोचलेले लोक सुखी आहेत, आणि माझ्याकडे येतात ते घाईने पोचलेले. रुंद पुढचा भाग आणि चार ते सहा मिलिमीटर ड्रॉप असे बूटही मिळतात. निम्मा लाभ घेऊन पूर्ण धोका टाळता येतो.

अनवाणी :
मान्य आहे. मला स्वतःला आठ महिने लागले होते, हे मी सोयीस्करपणे लिहायचे विसरलो.

पाठपिशवी :
घोट्याच्या प्रश्नाला सर्व जण वळसा घालून चालले आहेत. उंच बूट घोटा सांभाळतो की नाही?

पाऊलवैद्य :
लोकांना वाटते तितका नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६२२ महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून देण्यात आले होते. मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मैदान म्हणजे घसारा नव्हे, आणि बास्केटबॉलचा मऊ उंच बूट म्हणजे तुमचा कडक चामडी बूट नव्हे, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तो निकाल जशास तसा डोंगरावर नेणार नाही. पण घोटा वेळेवर सावरण्याचे काम मुख्यतः स्नायू आणि तोल करतात. रोज दात घासताना एका पायावर उभे राहावे, जमू लागले की डोळे मिटून. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला आहे त्यांना अशा तोलाच्या सरावाचा निश्चित उपयोग होतो. तळाची उंची मात्र जरूर पाहावी, कारण फार जाड गादीवर उभा असलेला पाय दगडावर कलंडला की जास्त कलंडतो.

अर्धा_डोंगर :
डोळे मिटून एका पायावर दात घासण्याचा प्रयोग केला. बूट लागले नाहीत, आरसा लागला.

रानवाट :
पाठपिशवी, एक कबूल करतो. घसाऱ्यावर बुटक्या बुटात खडे शिरतात आणि दर अर्ध्या तासाने बूट झटकावा लागतो. त्यावर बुटाचे तोंड झाकणारे पातळ कापडी गेटर लावतात, ते जेमतेम ६० ग्रॅमचे असतात. टोकदार दगडांसाठी काही ट्रेल शूजमध्ये चवड्याखाली पातळ कडक पत्रा घातलेला असतो, तोही पाहून घ्यावा. दोन्ही हातांनी बूट पिळून पाहिला तर फडक्यासारखा पिळला जाऊ नये, आणि वाकवला तर चवड्यापाशी वाकावा. मधोमध घडी पडत असेल तर तो डोंगराचा बूट नाही.

टाका_दोरा :
तळाविषयी थोडे बोलतो. पूर्वी डोंगरात खिळे ठोकलेले बूट घालत आणि कड्यावर चढताना मऊ तळाचे जोडे. १९३५ साली आल्प्समध्ये अशा अपुऱ्या पादत्राणांमुळे विताले ब्रामानी यांचे सहा सोबती थंडीत अडकून मरण पावले; त्यानंतर ब्रामानी यांनी रबरी खाचांचा तळ बनवला, तोच १९३७ पासूनचा व्हायब्रम. खाचा किती खोल असाव्यात हे वाट ठरवते. चिखलात खोल आणि विरळ दाते हवेत, म्हणजे माती अडकत नाही. कोरड्या दगडी वाटेवर तीन-चार मिलिमीटरचे पुरतात. मऊ रबर ओल्या खडकावर चिकटते आणि लवकर झिजते, कडक रबर टिकते आणि घसरते. टिकाऊ आणि पकड घेणारा असा दोन्हींचा आग्रह धरणाऱ्याला मी नेहमी विचारतो की पडायचे आहे की पुन्हा बूट घ्यायचा आहे.

दोन_काठ्या :
टिकण्याचा आकडा कोणी सांगितला नाही. ट्रेल शूजना सर्वसाधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटरचे आयुष्य धरतात. अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलसारख्या ४,२०० किलोमीटरहून लांब वाटेवर चालणारे त्यामुळेच चार-पाच जोड वापरतात. तुमचे ४५० किलोमीटर एका जोडात बसतात, पण तो जोड सरावातच ३०० किलोमीटर चालवून झिजवू नका. सराव जुन्या बुटांत करावा, आणि नव्यात ५० ते ८० किलोमीटर, त्यातही एक दिवस पूर्ण ओझ्यासह.

वाटसरू_मी :
सर्वांचे वाचून कागदावर पावले काढली. डावे २६३ मिलिमीटर, उजवे २६८. आयुष्यभर मी डाव्या पायाच्या मापाने बूट घेत आलो आहे, कारण दुकानात नेहमी डावा बूट घालून पाहतो. उजव्याच टाचेला फोड का आला, हे मात्र अजून कळले नाही. तो बूट तर आखूड होता.

पाऊलवैद्य :
आखूड होता म्हणूनच. बोटे टोकाला लागू नयेत म्हणून नाड्या सैल ठेवल्या असतील, आणि मग टाच सुटली असेल. नवीन बुटात नाड्या दोन भागांत बांधा : चवड्यावर सैल, मग घोट्याच्या वाकणापाशी एक दुहेरी गाठ, आणि तिथून वर घट्ट. सर्वांत वरच्या जादा भोकांतून दोन्ही बाजूंना एकेक फास करून नाडीची टोके समोरच्या फासातून ओवून ओढली, तर टाच मागे बसते. बुटाला ती शेवटची भोके असतातच, बहुतेकांना ती कशासाठी आहेत ते ठाऊक नसते.

वाटसरू_मी :
पाच आठवड्यांनी लिहितो आहे. चार संध्याकाळी मिळून नऊ जोड पायात घालून पाहिले. सर्वांत मऊ वाटलेला जोड सुखतळ्याच्या चाचणीत बाद झाला, माझी करंगळी त्याच्या बाहेर होती. ज्याची सर्वांनी स्तुती केली होती तो माझ्या चवड्याच्या रेषेच्या पुढे वाकत होता. अखेर घेतला तो जाळीचा, रुंद पुढच्या भागाचा, पाच मिलिमीटर ड्रॉपचा, एका पायाचे ३२० ग्रॅम वजन असलेला बूट, नेहमीपेक्षा एक माप मोठा. रंग भयंकर आहे. ओझ्यासह दोन दिवस चाललो, नाड्यांची युक्ती लागू पडली.

टाका_दोरा :
निघण्याआधी करंगळीच्या बाजूच्या घडीवर, आतून नव्हे तर बाहेरून, लवचिक राहणाऱ्या युरेथेन गोंदाची पातळ रेघ ओढा आणि एक दिवस वाळू द्या. वाटेत बूट भिजले तर शेकोटीजवळ ठेवू नका, चिकटवलेला तळ सुटतो आणि फोम आकसतो. सुखतळा काढून, आत कोरडा कागद कोंबून ठेवा.

वाटसरू_मी :
काल परतलो. २४ दिवसांचे २५ झाले, अंतर ४६० किलोमीटर. दहाही नखे जागेवर आहेत. एकच फोड आला, तोही सहाव्या दिवशी, चटका जाणवूनही मी अर्धा तास चालत राहिलो म्हणून. घसाऱ्यावर खड्यांनी पिच्छा पुरवला आणि मी गेटर घेतले नव्हते, त्याबद्दल रानवाट यांची माफी मागतो. टोकदार दगडांच्या शेवटच्या टप्प्यात तळवे असे दुखले की पाठपिशवी यांच्या कडक तळाची दोन वेळा आठवण झाली. मधला थर आता अंगठ्याने दाबला तर फारसा दबत नाही.

टाका_दोरा काका, गोंदाची रेघ उजव्या बुटाला लावली आणि कंटाळा करून डाव्याला लावली नाही. डावा बूट एकोणिसाव्या दिवशी तुम्ही सांगितलेल्या जागी फाटला, बोटभर. उजवा शाबूत आहे. डावा आता शिवून घेता येईल का?

टाका_दोरा :
शिवू नका, जाळीला सुईने आणखी भोके पडतील आणि चीर वाढेल. आतून पातळ नायलॉनचा तुकडा आणि तोच गोंद लावा, रोजच्या फिरण्याला अजून दोन महिने चालेल. फोम गेलेला आहे, पुन्हा डोंगरात नेऊ नका. आणि पुढच्या जोडाला दोन्ही बाजूंना रेघ ओढा.